सामाईक भिंत पत्र्यापर्यंत गेली आहे का?

घराला घर लागून असलेल्या ओळीत आग कुणाच्या घरात लागली, याइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न असतो: दोन घरांमधली भिंत वर कुठपर्यंत गेली आहे? ती पत्र्याला किंवा स्लॅबला भिडलेली असेल तर बहुतेक वेळा एकाच घरावर निभावतं. फूटभर खाली थांबली असेल तर बंब येईपर्यंत तिसऱ्या घरातून धूर निघायला लागलेला असतो.

सोलापुरात अशा ओळी जागोजागी आहेत. साखर पेठ, भवानी पेठेतली माळवदी (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली) घरं, गिरण्यांच्या काळातल्या चाळी, पूर्व भागातली खाली माग आणि वर संसार असलेली घरं, विडी घरकुलातली बैठी घरं, जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडची नवी रो-हाऊस. बांधकाम वेगवेगळं असलं तरी तपासण्याची पद्धत जवळपास एकच आहे. पुढची माहिती गल्लीतल्या माणसांसाठी आहे: काय बघायचं, काय बुजवायचं, आग लागल्यावर आधी काय करायचं आणि अग्निशमन दलाच्या जवानांना वाट कशी द्यायची.

आग ओळीत कशी सरकते

विटांची भिंत आगीला चांगली तोंड देते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची भिंतसुद्धा साधारण दोन तास टिकते, नऊ इंची त्याहून बरीच जास्त. तरीही शेजारचं घर थोड्या वेळात पेटतं, कारण आग भिंत फोडून येत नाही, तिच्या डोक्यावरून येते.

पेटलेल्या खोलीतला तापलेला धूर आधी सरळ वर जातो. छताला लागला की त्याला वर वाट नसते, म्हणून तो आडवा पसरतो. या धुरात न जळालेले वायू असतात. छताखाली तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेटतात. फोमच्या गाद्या, सोफा आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या असलेल्या खोलीत ही वेळ चार-पाच मिनिटांतही येते.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्याच्या तलखीपासून सुटका म्हणून खाली पीओपी, प्लायवूड किंवा थर्माकोलचं छत मारलेलं असतं. मारताना भिंत त्या छतापर्यंतच गिलावून घेतात. वर पत्रा आणि छत यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची पोकळी राहते आणि ती ओळीतल्या चार-सहा घरांवरून सलग जाते. पेटलेल्या घरातला धूर एकदा तिथे शिरला की शेजारच्या घरातल्या माणसाला खाली काहीच दिसत नाही. त्याच्या डोक्यावर मात्र आग चालत असते. अमेरिकेत फिलाडेल्फिया, बाल्टिमोरसारख्या शहरांतल्या जुन्या ओळीच्या घरांत हीच पोकळी असते. तिला तिकडे कॉकलॉफ्ट म्हणतात आणि तिथले जवान पोहोचताच आधी ती उघडून बघतात. लंडनने 1666 च्या मोठ्या आगीनंतर विटांच्या भिंती सक्तीच्या केल्या आणि 1707 च्या कायद्याने सामाईक भिंत छपराच्याही वर दीड फूट न्यायला लावली. तीनशे वर्षांपूर्वीचा हा दीड फूट आजही तितकाच उपयोगी आहे.

माळवदी घराचं दुखणं वेगळं. वर पांढऱ्या मातीचा जाड थर असल्यामुळे ज्वाळा वरून सहसा येत नाहीत. पण लाकडी तुळयांची टोकं सामाईक भिंतीत रोवलेली असतात आणि कित्येक ठिकाणी दोन्ही घरांच्या तुळया एकाच कोनाड्यात टोकाला टोक लावून बसवलेल्या असतात. एका बाजूची तुळई धुमसली की ती भिंतीच्या पोटातून दुसऱ्या बाजूला पोहोचते. मातीखाली लाकूड तासन्तास धुमसत राहतं, वरून पाणी मारलं तरी आत पोहोचत नाही, आणि दरम्यान तुळई बारीक होत गेलेली असते. वरच्या मातीचं वजन मात्र कमी होत नाही, उलट पाणी पिऊन वाढतं. म्हणून आग लागलेल्या माळवदावर कुणीही चढू नये, बादल्या घेऊन तर नाहीच.

आणखी वाटा थोडक्यात. मागच्या बोळीवर पत्रा किंवा फायबरची शीट टाकून केलेली धुण्याची जागा आणि जादा स्वयंपाकघर ही आगीची मागची सडक होते. लोखंडी गर्डर दोन्ही घरांतून सलग असेल तर तो उष्णता पलीकडे नेतो, आणि साधारण 550 अंशांना त्याची निम्मी ताकद गेलेली असते. उडत्या ठिणग्या माळ्यावरच्या रद्दीवर, सुताच्या गठ्ठ्यांवर, उघड्यावर वाळत घातलेल्या तेंदूपत्त्यावर पडतात. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, मोरीतून गटारात उतरतो आणि शेजारच्या मोरीतून वर येऊ शकतो.

टॉर्च घेऊन करायची तपासणी

एका सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याला सोबत घ्या. एकट्याने हे काम होत नाही, कारण भिंतीला दोन बाजू आहेत. शिडी, मोठा टॉर्च, टेप आणि खडू एवढं पुरे.

अंधार पडल्यावर छताची एक फळी किंवा पीओपीचा एक तुकडा काढा आणि दोन्हीकडचे दिवे बंद करा. शेजाऱ्याने त्याच्या बाजूने वर टॉर्च मारायचा, तुम्ही तुमच्या बाजूने बघायचं. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. उजेड येतो तिथून धूर येतोच. शेजारच्या फोडणीचा वास तुमच्या माळ्यावर येत असेल तर टॉर्चचीही गरज नाही, फट आहेच.

नंतर भिंतीतून आरपार गेलेल्या गोष्टी बघा: वायरचे पाइप, केबल, इंटरनेटची वायर, एसीची नळी, पाण्याचा पाइप, जुन्या खुंट्यांची भोकं. नालीदार पत्र्याच्या नाळी भिंतीवर जिथे टेकतात तिथे प्रत्येक नाळीखाली एक भोक राहतं. दहा फुटांच्या भिंतीवर अशी डझनावारी भोकं असतात आणि गवंडी ती कधी भरत नाही. माळवदात तुळयांच्या टोकाशी बोट घाला. माती भुसभुशीत होऊन पोकळी झालेली असते.

काय आणि कसं बुजवायचं

भिंत छताखाली थांबलेली असेल तर ती वर नेणं हाच उपाय. दहा फूट लांब आणि दीड फूट उंच जागा भरायला साडेचार इंची बांधकामात साधारण 75 ते 80 विटा लागतात. जोडाईला एकास सहा, गिलाव्याला एकास चार असा सिमेंट-वाळूचा माल धरला तर अर्धं पोतं सिमेंट खपतं, एक पोतं आणून ठेवा. गिलावा दोन्ही बाजूंनी हवा. शेजाऱ्याच्या बाजूचा गिलावा राहून जातो आणि तिथेच सांधे उघडे पडतात. खालची भिंत जुनी, दगड-मातीची आणि फुगलेली असेल तर विटांऐवजी चार इंची सिपोरेक्स (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक वापरा, वजन कमी होतं. नवं बांधकाम पीओपीच्या सांगाड्यावर कधीही टेकवू नका, ते भिंतीवरच बसलं पाहिजे.

पत्र्याच्या नाळी सिमेंटच्या मालाने ठासून भरा. पत्रा तापला की हलतो आणि माल सुटतो, म्हणून आधी रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) दाबून घालावं आणि तोंडावर माल लावावा. पिवळसर फोमचा डबा फवारून फट बुजवणं सोपं वाटतं, पण साधा फोम स्वतःच जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कापड, थर्माकोल, पुठ्ठा कोंबलेला असेल तर तो आधी काढा.

छप्पर नव्याने करणार असाल तर भिंत पत्र्याच्या वर दीड फूट न्या. पत्रे दोन्ही बाजूंनी कापून भिंतीला टेकवावे लागतात आणि त्या जोडावर गळती होते. गळती होते म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी भिंत उतरवली जाते, असंच सहसा घडतं. तेव्हा जोडावर पत्र्याची दुमडपट्टी भिंतीत खाच मारून बसवून घ्या आणि भिंतीचा माथा बाहेरून उतार देऊन गिलावा. लाकडी वासे किंवा लोखंडी पट्ट्या भिंतीतून सलग जाऊ देऊ नका, दोन्हीकडे वेगळ्या टेकवा.

तुळयांच्या टोकांमध्ये किमान चार इंच वीट आणि माल असावा. कोनाडा सामाईक असेल तर तुळईला आधी टेकू द्या, मगच माती उकरून विटेचे तुकडे भरा. हे काम माळवदाची घरं हाताळलेल्या गवंड्याकडूनच करून घ्या.

वीज, गॅस, सूत

ओळीच्या घरात बहुतेक आगींची सुरुवात साधी असते. वायरिंगमध्ये दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगना अडीच, गिझर-एसीला चारची तांब्याची वायर असावी. अडीचच्या वायरवर 16 अँपिअरहून मोठा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) लावू नका. वारंवार पडतो म्हणून मोठा बसवला की एमसीबी पडत नाही, वायर तापते. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हाच प्रकार. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. चाळीत जिन्याखाली लाकडी फळीवर सगळ्यांचे मीटर एकत्र असतात. तिथे सायकल, पोती, ई-बाइक काही ठेवू नका, कारण तो जिना हीच सगळ्यांची सुटकेची वाट असते. ई-बाइक दारात रात्रभर चार्जिंगला लावण्यापेक्षा दिवसा, माणसं जागी असताना, बाहेरच्या बाजूला लावा.

गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची हवी, तिच्यावर छापलेलं साल बघा आणि पाच वर्षांत बदला. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, टोपी लावा, दारं उघडा, बाहेर जाऊन 1906 ला फोन करा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगा, कारण गॅस गटारातून त्यांच्याकडे गेलेला असू शकतो. रेग्युलेटरपाशी ज्वाळा धरली असेल तर जाड सुती चादर पाण्यात भिजवून, पिळून, स्वतःच्या हातांसमोर आडवी धरत सिलेंडरच्या तोंडावर टाका आणि खटका बंद करा. आपल्याकडची चादर या कामाला उत्तम, पण ती सुतीच असली पाहिजे. मिश्र धाग्याची वितळून हाताला चिकटते. सिलेंडरचं अंगच ज्वाळेत सापडलं असेल तर जवळ जाऊ नका, सगळी ओळ रिकामी करा.

माग असलेल्या घराबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. मागाखाली, मोटारीवर आणि छपराच्या कैचीवर बसणारं तूस (सुताचे उडालेले बारीक तंतू) आगीच्या वातीसारखं काम करतं. एका ठिणगीने ज्वाळ त्याच्यावरून क्षणात खोलीभर धावते आणि सुताच्या गठ्ठ्यांना लागते. मोटार आणि स्टार्टरवरचं तूस रोज, कैची आणि पत्र्याखालचं आठवड्याला झाडा. झाडताना मेन स्विच बंद असावा. गठ्ठे भिंतीपासून फूटभर आणि दिव्यापासून तीन फूट दूर ठेवा. सुताचा गठ्ठा बाहेरून विझला तरी आत धुमसत राहतो. पावडरच्या अग्निशामक सिलेंडरने ज्वाळ बसते, गाभा विझत नाही. त्याला पाणीच लागतं, तेही गठ्ठा फोडून. 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, आणि तिथे माणसं कारखान्याच्याच इमारतीत राहत होती. जिथे माग चालतो तिथेच वर झोपायचं असेल तर खालच्या खोलीतून न जाणारा दुसरा रस्ता हवाच. गच्चीचं दार आतून बिनकिल्लीचं उघडलं पाहिजे. खिडकीच्या जाळीत दोन बाय तीन फुटांची उघडणारी झडप करून घ्या आणि कुलूप लावत असाल तर किल्ली त्याच खिडकीशेजारी खिळ्याला टांगा.

धुराचा अलार्म जिन्याच्या वरच्या टोकाला, छताला लावा. स्वयंपाकघरात लावला तर रोजच्या फोडणीने वाजतो आणि चौथ्या दिवशी कुणीतरी त्याची बॅटरी काढतो. मागाच्या खोलीत तुसामुळे तो टिकत नाही, तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर बसवा.

पाणी आणि गल्ली

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ओळीतल्या सगळ्या टाक्या एकदमच तळाला गेलेल्या असतात. म्हणून दर पाच-सहा घरांमागे 200 लिटरचं एक बॅरल फक्त आगीसाठी राखा, झाकण लावून, सोबत चार बादल्या साखळीने बांधून. त्यातलं पाणी सांडलं किंवा वापरलं गेलं की लगेच भरायचं, ही शिस्त बायकांनी आणि मुलांनीही पाळली तरच उपयोग.

12 फुटांची दोरी घ्या आणि गल्लीच्या तोंडापासून आत चालत जा. बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो आणि जवानांना दोन्ही बाजूंची दारं उघडून नळ्या काढाव्या लागतात. जिथे दोरी अडेल तिथे बंब अडेल: ओटा, पायरी, उभी रिक्षा, पाण्याची टाकी. वर 15 फूट मोकळं हवं. लोंबत्या केबल, लग्नाची कमान, गणपतीचा मांडव यांच्यामुळे उंची जाते. मांडव घालताना गल्लीचं एक तोंड तरी पूर्ण उघडं ठेवा.

बंब आत येत नसेल तर जवानांना नळी अंथरावी लागते. 63 मिलिमीटरच्या 15 मीटर नळीत पाणी भरलं की ते एकटं 47 किलो भरतं. गल्ली 60 मीटर आत असेल तर चार नळ्या, म्हणजे पाण्याचंच पावणेदोनशे किलोहून जास्त वजन, वाटेत उभ्या मोटारसायकलींमधून ओढायचं. एखाद्या चाकाखाली नळी मुरगळली की पुढची धार मंदावते. त्यात 4500 लिटरची टाकी आणि मिनिटाला 450 लिटरची एक धार धरली तर पाणी दहा मिनिटांत संपतं. दोन धारा लावल्या तर पाच. पुढचा टँकर येण्याआधीची ही मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून जवळची विहीर, बोअर, मंगल कार्यालयाचा हौद कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे गल्लीत दोघांना तरी माहीत हवं.

आग लागली तर

आधी हाक. फक्त शेजारच्या दोन घरांना नको, सगळ्या ओळीला उठवा, कारण पोकळीतून धूर तिसऱ्या-चौथ्या घरात गेलेला असतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा वास येऊन जाग येईलच असं नाही. मग 101 ला फोन, लागला नाही तर 112. पत्ता सांगताना पेठ किंवा नगर, मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण, गल्लीत कुठल्या बाजूने शिरायचं आणि बंब आत येतो की नाही, हे सांगा. मारुतीच्या देवळाजवळ एवढंच सांगू नका, दर पेठेत मारुती आहे. काय जळतंय, कुणी आत आहे का, माळवद की पत्रा, सूत किंवा सिलेंडर किती, हेही. एक माणूस टॉर्च घेऊन मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा करा.

मेन स्विच पाडा. आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल, पाठीमागे दार असेल आणि धूर छातीच्या खाली आला नसेल, तरच विझवायला थांबा. सहा किलोच्या एबीसी (पावडरच्या) अग्निशामक सिलेंडरची पिन काढून, सहा-आठ फुटांवरून, ज्वाळेच्या मुळावर डावी-उजवीकडे फिरवत मारा. तो 15 ते 20 सेकंदच चालतो. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडा आणि जाताना खोलीचं दार ओढून घ्या. बंद दार आगीची हवा तोडतं आणि धूर बराच वेळ अडवतं. खिडक्या फोडून धूर घालवायचा प्रयत्न करू नका, आत हवा शिरली की आग भडकते.

वर अडकलात तर गच्ची गाठा आणि कठडे ओलांडत वाऱ्याच्या उलट बाजूने दोन-तीन घरं दूर जा. यासाठी कठड्यांवर काचा आणि काटेरी तार नसावी, हे ओळीने आधी ठरवायचं. गच्चीची वाट नसेल तर दार बंद करून फटीत ओलं कापड लावा आणि रस्त्याकडच्या खिडकीतून आवाज द्या.

जवान आल्यावर

गल्लीतला एकच माणूस पुढे होऊन त्यांना माहिती देऊ दे. दहा जण बोलायला लागले की आत अडकलेल्या माणसाचा आकडा तीन वेळा बदलतो. भिंत कुठे अर्धवट आहे, पोकळी किती घरांवरून जाते, तुमच्या तपासणीत खडूच्या खुणा कुठे राहिल्या आहेत, हे सांगा. हीच माहिती त्यांना दुसरीकडून मिळत नाही.

ते एक धार पेटलेल्या घरात लावतील आणि दुसरी घेऊन तुमच्या चांगल्या, न जळालेल्या घरात शिरतील. पीओपी खाली पाडतील, पत्रा उचकटतील. इथेच सर्वांत जास्त भांडणं होतात. माझ्या घराला काही झालं नाही, मोडू नका, असं म्हणत माणसं दारात उभी राहतात. पण आगीला गाठायचं तर तिच्या पुढच्या घरात छत उघडूनच गाठावं लागतं. एक खोली उघडायला दिली नाही की पुढची तीन घरं जातात. तुमच्या बाजूने छताची एक झडप आधीच करून ठेवली असेल तर तोडफोडही कमी होते. आणि घाई करा: पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरवर जवान कष्टाच्या कामात साधारण अर्धा तास टिकतो, एप्रिल-मेच्या 42 अंशांत जाड पोशाखासह तो आणखी लवकर दमतो.

शहाबादी फरशीच्या माळ्याखाली किंवा जिन्याखाली उभे राहू नका. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की ती तडकून तुकड्यांनी खाली येते.

विझल्यानंतर

पुढचे 24 तास ओळीत पहारा ठेवा. दर तासाला दोन्ही बाजूंच्या घरांत, वरच्या पोकळीत आणि तुळयांच्या टोकांशी, हाताच्या पालथ्या बाजूने भिंत तपासा. कोमट लागली किंवा बारीक धूर दिसला तर जवानांना परत बोलवा. सुताचे गठ्ठे उघड्यावर नेऊन फोडा आणि भिजवा. वायरमनने तपासल्याशिवाय वीज जोडू नका, तारा तुटल्या असतील तर महावितरणला 1912 वर कळवा. विमा असेल तर पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल दोन्ही लागतात, म्हणून मलबा उचलण्याआधी फोटो काढा.

पुढे घरात एसीवाला, केबलवाला किंवा प्लंबर येऊन गेला की त्याने सामाईक भिंतीला नवं भोक पाडलं का ते त्याच दिवशी बघा, आणि तो गल्लीतून बाहेर पडायच्या आत मालाने बुजवून घ्या.